विश्लेषण : मालिकेतला डॉन संपत का नाही? अमेरिकी ‘सोप’मधली टोळी आणि तिचं निष्ठेचं गणित

पोर्ट चार्ल्स हे शहर नकाशावर सापडणार नाही. ‘जनरल हॉस्पिटल’ या अमेरिकी मालिकेसाठी ते रचलेलं आहे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातलं एक बंदर, एक मोठं इस्पितळ, दोन-चार श्रीमंत घराणी असं हे शहर. तिथे गेली तीसहून अधिक वर्षं एक डॉन राहतो. त्याचं नाव सनी कोरिंथोस. कागदोपत्री तो कॉफी आयात करणारा व्यापारी आहे. त्याचा खरा धंदा काय, हे पोलिसांपासून डॉक्टरांपर्यंत आणि शेजाऱ्यांपासून मुलांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने माणसं मारली आहेत आणि प्रेक्षकांनी ते पाहिलंही आहे. तरीही शहरातल्या प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक अंत्यविधीला तो पहिल्या रांगेत असतो.

गुन्हेगार इतकी वर्षं नायक कसा राहतो? आणि अशा मालिकेत ‘निष्ठा’ या शब्दाचा अर्थ नेमका काय होतो?

इस्पितळाच्या मालिकेत टोळी आली कुठून?

अमेरिकेत दुपारच्या वेळी, आठवड्याचे पाच दिवस चालणाऱ्या मालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणतात. रेडिओच्या काळात साबण कंपन्या अशा मालिकांच्या प्रायोजक असत, त्यावरून हे नाव पडलं. ‘जनरल हॉस्पिटल’ ही त्यातलीच एक. एबीसी वाहिनीवर १ एप्रिल १९६३ रोजी ती सुरू झाली आणि आजही चालू आहे. २०२२ मध्ये तिने १५ हजार भागांचा टप्पा ओलांडला.

सुरुवातीला ही डॉक्टर आणि परिचारिकांची गोष्ट होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मालिका बंद पडण्याच्या बेतात होती. १९७८ मध्ये ग्लोरिया माँटी निर्माती म्हणून आल्या. त्यांनी कथेचा वेग वाढवला आणि तरुण पात्रं पुढे आणली. त्यातला एक ल्यूक स्पेन्सर. तो फ्रँक स्मिथ या टोळीप्रमुखाचा माणूस होता आणि त्याचा डिस्को चालवत होता.

१९७९ मध्ये याच ल्यूकने लॉरा या तरुणीवर बलात्कार केल्याचं मालिकेने दाखवलं. त्यानंतर मालिकेने याच दोघांची प्रेमकथा केली. टोळीच्या मारेकऱ्यांपासून जीव वाचवत दोघं गावोगाव पळत राहिले आणि देशभरातले प्रेक्षक त्यांच्या बाजूने उभे राहिले. नोव्हेंबर १९८१ मध्ये त्यांचं लग्न झालं, तेव्हा ते सुमारे ३ कोटी लोकांनी पाहिलं. अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांमधला हा विक्रम मानला जातो.

निर्मात्यांना यातून दोन गोष्टी कळल्या. टोळी आली की कथेला गती मिळते. आणि पात्र आवडलं की प्रेक्षक जवळपास काहीही माफ करतात. बऱ्याच वर्षांनी, १९९८ मध्ये, मुलाला हे सत्य कळतं असं कथानक आणून मालिका त्या बलात्काराकडे पुन्हा वळली. पण माफीचा पायंडा तोवर पडलेला होता.

सनी नायक कसा झाला?

ऑगस्ट १९९३ मध्ये मॉरिस बेनार्ड या अभिनेत्याने साकारलेला सनी मालिकेत आला, तो फ्रँक स्मिथच्या हाताखालचा माणूस म्हणून. तो स्ट्रिप क्लब चालवायचा आणि कॅरन या कॉलेजवयीन मुलीला गोळ्यांच्या आहारी लावून तिथे नाचवायचा. थोडक्यात, तो खलनायक होता. मात्र प्रेक्षकांना तो आवडला आणि लेखकांनी त्याचा भूतकाळ उलगडायला सुरुवात केली. वडील घर सोडून गेलेले. सावत्र बाप पोलीस, आणि तो आईला नि मुलाला मारणारा. लहानपणी अंधाऱ्या कपाटात कोंडल्यामुळे बंद जागेची कायमची भीती.

हा तपशील साधा नाही. ज्या घरात पोलीसच छळ करतो, तिथल्या मुलाने कायद्यावर विश्वास का ठेवावा? एका तपशिलाने प्रेक्षकाची सहानुभूती सनीकडे गेली आणि गणवेशाबद्दल संशयही पेरला गेला.

मग आली स्टोन केट्सची गोष्ट. सनीने आसरा दिलेल्या या तरुणाला एड्स होतो. १९९५ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत सनी त्याच्या पाठीशी उभा राहतो. त्या काळात एड्सच्या रुग्णांकडे लोक पाठ फिरवत होते, त्यामुळे हे कथानक खरोखर धाडसाचं होतं. त्याने सनीला ‘आपल्या माणसाला न सोडणारा’ ही ओळखही दिली. २००६ मध्ये सनीला बायपोलर आजार असल्याचं मालिकेने दाखवलं. बेनार्ड यांना स्वतःला हा आजार आहे आणि ते त्याबद्दल उघडपणे बोलतात. या भूमिकेसाठी त्यांना २००३, २०१९ आणि २०२१ मध्ये डेटाइम एमी पुरस्कार मिळाला.

याच्या जोडीला सनीचे ‘नियम’ आहेत. आपल्या हद्दीत अमली पदार्थ येऊ द्यायचे नाहीत. बायका-मुलांना हात लावायचा नाही. मग त्याचा पैसा नेमका येतो कुठून? ‘माल’ गोदीवर उतरतो, ‘हद्दी’वरून भांडणं होतात, बस. ज्यांच्याकडून खंडणी घेतली जाते, ती माणसं सहसा दिसत नाहीत. बळीच दिसला नाही, की उरतो तो घरात बसून कॉफी पिणारा एक प्रेमळ, चिडका बाप.

जेसन : स्मृती गेली, निष्ठा उरली

या मालिकेतल्या निष्ठेचं सगळ्यात शुद्ध रूप म्हणजे जेसन. जेसन क्वार्टरमेन हा शहरातल्या सर्वात श्रीमंत घराण्यातला, डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा. १९९५ च्या अखेरीस त्याचा भाऊ एजे दारू पिऊन गाडी चालवतो. त्या अपघातात जेसनच्या मेंदूला इजा होते आणि त्याची स्मृती जाते. घरच्यांना जुना जेसन हवा असतो. नव्या जेसनला ती सगळी माणसं परकी वाटतात. तो आजीचं माहेरचं आडनाव घेतो, जेसन मॉर्गन होतो आणि सनीचा उजवा हात बनतो.

लेखकांनी इथे एक हुशारी केली. रक्ताची नाती पुसून टाकली आणि त्या जागी निवडलेलं नातं बसवलं. जेसन पैशासाठी किंवा सत्तेसाठी मारत नाही. सनीने त्याला आहे तसा स्वीकारला, या एका गोष्टीसाठी तो मारतो. सनी आणि कार्ली आपल्या मुलाचं नाव मॉर्गन ठेवतात, ते याच जेसनवरून. टोळी हे जणू दुसरं घर होतं आणि पहिल्या घरापेक्षा ते जास्त विश्वासाचं ठरतं.

खऱ्या टोळीत तेव्हा काय चाललं होतं?

अमेरिकी माफियात मौनाच्या नियमाला ‘ओमेर्ता’ म्हणतात. पकडले गेलात तरी तोंड उघडायचं नाही, असा त्याचा अर्थ. पण ज्या वर्षी ‘जनरल हॉस्पिटल’ सुरू झाली, त्याच १९६३ साली जोसेफ व्हॅलाची या टोळीतल्या माणसाने सिनेटच्या समितीसमोर टीव्ही कॅमेऱ्यांच्या साक्षीने माफियाची रचना उघड केली. १९७० मध्ये ‘रिको’ कायदा आला. त्यामुळे सुटे गुन्हे बाजूला ठेवून अख्ख्या संघटनेवर खटला भरणं शक्य झालं. साक्षीदारांना नवं नाव, नवं गाव देण्याची सरकारी सोयही झाली.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅम्बिनो टोळीचा प्रमुख जॉन गॉटी दोषी ठरला. त्याच्याविरुद्ध साक्ष दिली ती त्याचाच उजवा हात, सॅमी ग्रॅव्हानो याने. १९ खुनांत सहभाग असल्याचं कबूल करूनही ग्रॅव्हानोला पाच वर्षांची शिक्षा झाली. गॉटी तुरुंगातच २००२ मध्ये मरण पावला.

सनी पडद्यावर आला तो याच्या पुढच्याच वर्षी, आणि जेसन त्याचा उजवा हात बनला तो आणखी तीनेक वर्षांत. खऱ्या जगात उजवा हात शिक्षा कमी व्हावी म्हणून बोलत होता, तर मालिकेतला उजवा हात मरेपर्यंत गप्प राहणार होता. म्हणजे मालिकेने टोळीची बातमी सांगितली नाही. टोळी स्वतःबद्दल जी दंतकथा सांगते, ती मात्र रोज दुपारी सांगितली.

मग गद्दारी कशाला म्हणायचं?

निष्ठेचा अर्थ नीट कळतो तो गद्दारीच्या व्याख्येतून. १९९५ मध्ये सनीची प्रेयसी ब्रेंडा अंगावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र लावून त्याच्याकडे जाते. ते सापडताच तो तिला घराबाहेर काढतो. २००१ मध्ये त्याची पत्नी कार्ली एफबीआयला माहिती देते. त्याने हा धंदा सोडावा आणि कुटुंबाने दुसरीकडे सुरक्षित जगावं, एवढीच तिची इच्छा असते. सनी तिला घटस्फोट देतो.

दोन्ही वेळा बायका जे करतात, ते कायद्याच्या भाषेत बरोबर आहे. मालिकेच्या भाषेत तोच विश्वासघात ठरतो आणि रडून माफी त्यांनाच मागावी लागते. सनीने काय केलं, हा प्रश्न बाजूला पडतो. तिने ते बाहेर का सांगितलं, हा प्रश्न समोर येतो. घरातली गोष्ट घरात ठेवावी, हा कुटुंबकथांचा जुना नियम आहे. टोळीचा नियमही तोच आहे. दुपारच्या कौटुंबिक मालिकेत टोळी इतकी सहज सामावली, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

२०२४ मध्ये तर खुद्द जेसनच एफबीआयसाठी काम करत असल्याचं उघड झालं. पण त्याचं कारण काय, तर कार्लीवर ‘रिको’खाली खटला भरण्याची धमकी त्याला दिलेली असते. म्हणजे खबऱ्या झाला तोही निष्ठेपोटीच. ग्रॅव्हानो स्वतःसाठी बोलला होता. जेसनला ती मुभा नाही.

डॉन संपत का नाही?

मुंबईच्या गुन्हेगारी जगावरचे ‘सत्या’ (१९९८) आणि ‘वास्तव’ (१९९९) हे चित्रपट मराठी प्रेक्षकांच्या चांगल्या ओळखीचे आहेत. दोन्हींत नायकाबद्दल जिव्हाळा वाटतो, पण शेवटी हिशोब चुकता होतो. ‘वास्तव’मध्ये तर गोळी आईच घालते. ‘द सोप्रानोज’ या गाजलेल्या मालिकेलाही ८६ भागांनंतर २००७ मध्ये शेवट होता.

दुपारच्या मालिकेला शेवटच नाही. सनी मेला किंवा जन्मठेपेला गेला, तर लोकप्रिय अभिनेता जातो आणि त्याच्याभोवती विणलेली डझनभर नाती तुटतात. म्हणून अटक होते, खटला होतो आणि काहीतरी घडून तो सुटतो. २०१४ मध्ये गैरसमजातून एजेला गोळी घातल्यावर सनी तुरुंगात गेला, पण पुढे त्याला गव्हर्नरची माफी मिळाली. जेसनच्या बाबतीत तर नशीब ठरतं ते कराराने. स्टीव्ह बर्टन हे अभिनेते २०१२ मध्ये मालिका सोडून गेले, २०१७ मध्ये परतले, २०२१ मध्ये पुन्हा गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा आले. तेवढ्या वेळा जेसन ‘मेला’ आणि जिवंत झाला.

न्याय मिळाला की गोष्ट संपते, म्हणून मालिकेला न्याय परवडत नाही. त्या रिकाम्या जागी ती निष्ठा बसवते. एखादं पात्र चांगलं की वाईट, हे त्याने काय केलं यावरून ठरत नाही, ते कुणाच्या बाजूने उभं राहिलं यावरून ठरतं. निष्ठेची परीक्षा दर आठवड्याला नव्याने घेता येते. न्याय मात्र एकदाच होतो.

किंमत कोण मोजतं?

डॉनला किंमत मोजू देता येत नाही, म्हणून ती आसपासच्यांकडून वसूल होते. १९९६ मध्ये सनीसाठी लावलेल्या बॉम्बने त्याची गरोदर पत्नी लिली मरते. मॉर्गन २०१६ मध्ये, असाच गाडीतल्या स्फोटात जातो.

पण या हिशोबाची सर्वात स्पष्ट नोंद आहे ती मायकेलची. तो कार्ली आणि एजे यांचा मुलगा, पण त्याला वाढवलं आधी जेसनने, नंतर दत्तक घेऊन सनीने. २००८ मध्ये सनी त्याला स्वतःच्या गोदामात घेऊन जातो आणि सनीसाठी झाडलेली गोळी मुलाच्या डोक्यात शिरते. तो दीर्घकाळ कोमात राहतो. शुद्धीवर आल्यावर, २००९ मध्ये, आई आणि नवजात बहिणीला वाचवताना त्याच्या हातून सनीच्या तेव्हाच्या पत्नीचा, क्लॉडियाचा, मृत्यू होतो. घरचे सगळे मिळून ते लपवतात. अखेर मायकेल तुरुंगात जातो आणि तिथे त्याच्यावर लैंगिक अत्याचार होतो. पुढे त्याला कळतं की आपल्या जन्मदात्याला, एजेला, सनीनेच मारलं. तो कोरिंथोस हे आडनाव टाकतो आणि क्वार्टरमेन होतो.

तीन दशकांच्या मालिकेत हा क्षण वेगळा आहे, कारण इथे निष्ठा आणि न्याय एकाच माणसाच्या समोरासमोर येतात. मायकेलने सूड उगवावा की माफ करावं, यावर प्रेक्षकांमध्येही तट पडले. मालिकेने काय केलं, ते तिच्या आजवरच्या वाटचालीला धरूनच होतं. काही काळ गेला आणि मायकेल सनीच्या घरी परतला. बापलेकांनी मिठी मारली. एजेचं नाव त्यानंतर क्वचितच निघालं.