संगणकाचा मसुदा, हाताचा ठसा

राष्ट्रध्वजाची खादी लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचा ध्वज सिद्ध होतो, ही गोष्ट या मुलखात पुष्कळांस ठाऊक असते. परंतु शुभ्र पट्ट्यावरील 24 आऱ्यांचे चक्र दोन्ही बाजूंनी पूर्णपणे दिसले पाहिजे असा जो दंडक आहे, तो छापाने पाळावयाचा म्हणजे एका ठशावर दुसरा ठसा केसभरही न सरकता बसवावा लागतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. संगणकावर चित्र रचून ते हाताने छापण्याची जी रीत अलीकडे चित्रकारांत रूढ झाली आहे, तिचेही मर्म या बसवणुकीतच आहे.

या रीतीची सामग्री शोधण्यास मुंबईस जाण्याचे कारण नाही. नांदेड-लातूरच्या बाजारपेठांत लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले संगणक आणि हात यांची सांगड कित्येक वर्षे घालीत आले आहेत. त्यांस कोणी कलावंत म्हणत नाही, एवढेच.

समजा, कंधारच्या किल्ल्याच्या दगडी तटाचे छायाचित्र घेतले. स्क्रीनच्या, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीच्या, छिद्रांतून शाई एक तर उतरते किंवा उतरत नाही. करडी छटा तिला ठाऊकच नाही. म्हणून संगणकावर त्या छायाचित्राचे इंचास साधारण 45 या प्रमाणात लहानमोठे ठिपके पाडतात, पिवळा, तांबूस, काळा असे रंग निरनिराळे करतात, आणि फिका रंग गडद रंगाखाली किंचित पसरवून ठेवतात, जेणेकरून कागद तसूभर हलला तरी मध्ये पांढरी फट उघडी पडू नये. प्रत्येक रंगाचा काळाभोर नमुना पारदर्शक फिल्मवर काढून तो प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या जाळीवर ठेवतात; उजेड लागला तेथे लेप कठीण होतो, काळ्या रेषेखाली मऊ राहतो आणि पाण्याच्या धारेने निघून जातो. मग चौकटीत शाई ओतून रबरी पट्टी, म्हणजे स्क्वीजी, दोन्ही हातांनी एका दाबाने ओढावयाची.

हे रंग वेगळे करण्याचे काम पूर्वी डोळ्यांनीच होत असे. 1894 मध्ये मुंबईत निघालेल्या आणि पुढे मळवलीस गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात एकेका चित्रासाठी रंगागणिक स्वतंत्र शिळा तयार होई, आणि कोणत्या गालावर किती गुलाबी ठिपके द्यावयाचे याचा निवाडा शिळेवर ओणवा झालेला कारागीर करी. संगणकाने त्या कारागिराची जागा घेतली आहे, छापणाऱ्याची नव्हे. 1962 साली अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने मेरिलिन मन्रोचे छायाचित्र जाळीवरून वारंवार छापले, तेव्हा शाई कोठे दाटली, कोठे विरली, हे त्याने मुद्दाम तसेच राहू दिले. संगणकाच्या पडद्यावर ज्याला दोष म्हणून पुसून टाकण्याचा मोह होतो, तोच तेथे चित्राचा प्राण ठरला. आमचे तरुण चित्रकार फाईल इतकी निर्दोष करतात की हाताला करण्यासारखे काही उरतच नाही, आणि असे चित्र हाताने छापण्याचा खटाटोप का करावा, हे मला तरी उमगत नाही.

एक व्यावहारिक हिशेब मात्र फाईलमध्ये कधीच नोंदवलेला नसतो, तो हवेचा. मराठवाड्याच्या वैशाखात पाण्यावरची शाई दुसरा कागद लावीपर्यंत जाळीतच सुकून छिद्रे बुजवते. लग्नसराई संपून छपाईची मेजे रिकामी होतात ती आषाढात, तर तेव्हा दमट हवेने कागद फुगतो, विशेषतः दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात होतो तसला हातकागद, आणि काल नेमक्या बसलेल्या कोपऱ्यातील जुळणीच्या खुणा आज बसत नाहीत. यावर जाणते छपाईवाले कागद आदल्या दिवशीच कारखान्यात पसरून ठेवतात आणि एका चित्राचे सर्व रंग, जमल्यास, एकाच दिवसात उरकतात.