श्वासनलिकेतले दोन पहारेकरी

फळा पुसताना खडूची पूड उडते आणि पहिल्या बाकावरचा एखादा मुलगा खोकू लागतो. शेजारच्याला मात्र काहीच होत नाही. धूळ एकच, मग हा फरक कशामुळे?

श्वासनलिकेच्या अस्तरात दोन पहारेकरी असतात: चेतातंतू आणि रोगप्रतिकारक पेशी. आपण त्यांचे धडे वेगवेगळे शिकवतो. प्रत्यक्षात ते शेजारी राहतात आणि रसायनांच्या भाषेत एकमेकांशी बोलतात. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या श्वासात नको तो कण गेला, की मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात. त्यामुळे संवेदी चेता उद्दीपित होतात. संदेश मेंदूकडे जातो आणि व्हेगस चेतेमार्फत उत्तर येते. चेतेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन स्रवते, नलिकेभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात आणि हवेची वाट अरुंद होते.

हे आवरण्यासाठी चेतेच्या टोकावरच एक ब्रेक असतो. स्रवलेले ॲसिटिलकोलीन तेथील 'एम-२' ग्राहींना चिकटले, की पुढचा स्राव घटतो. दम्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी चेतांभोवती गोळा होतात. त्यांच्यातील एक प्रथिन हेच ग्राही अडवते, असे १९९३ मध्ये दाखवले गेले. ब्रेक निकामी झाला, की थोडी धूळही पुरते.

पण मुळात चेतांची वीणच बदलली तर? उंदराच्या फुप्फुसाची रचना आपल्याहून बरीच वेगळी असते. ऱ्हीसस माकडाची पुष्कळ जुळते. म्हणून कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे माकडाच्या महिन्याभराच्या पिलांना पाच महिने ठरावीक अंतराने ओझोन, घरातील धुळीतल्या माइट किड्यांची ॲलर्जीकारक द्रव्ये, किंवा दोन्ही देण्यात आले. अस्तरातील चेतातंतू विरळ झाले. पुढे सहा महिने ओझोन बंद ठेवला. तंतू पूर्ववत व्हायला हवे होते. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते नेहमीपेक्षा दाट आणि अनियमित वाढले होते. दोन्ही गोष्टी सोसलेल्या पिलांत हे सर्वाधिक दिसले. इओसिनोफिल वाढलेल्या दमेकरी माणसांतही चेता दाट असल्याचे २०१८ मध्ये आढळले.

माकडांवरचे निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी एवढे नक्की, की खोकणारा मुलगा 'नाटक' करत नसतो. त्याच्या चेता खरोखरच अधिक हळव्या असू शकतात. तेव्हा उद्यापासून फळा ओल्या फडक्याने पुसू या, आणि का पुसतो तेही वर्गाला सांगू या.