पितळेच्या डबीतलं पेट्रोल

मिस्त्रींनी प्लग काढला आणि आधी अंगठ्यावर घासला. अंगठा काळा झाला, पण चिकट नाही. समईच्या ज्योतीवर पत्रा धरला की जमते तशी कोरडी, मखमली काजळी. "तेल जळत न्हाई मालक, पेट्रोल जास्त जातंय." रिंगा गेल्या असत्या तर प्लग तेलकट निघाला असता आणि धूर निळा आला असता. आमचा धूर काळा होता. एखादाच प्लग काळा असता तर त्या सिलिंडरच्या वायरवर संशय गेला असता. इथं चारही सारखेच निघाले, म्हणजे चौघांना वाढणारा आचारी, कार्बोरेटरच, हात सैल सोडतोय.

गाडी 1984ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. घरात तिला आजही फियाटच म्हणतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, आमची मात्र कोल्हापुरात अजून भाजी आणते. 1089 सीसीचं इंजिन लिटरला 12 द्यायचं, ते 7वर आलं होतं. सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची. तापलेली असताना बंद केली की मात्र पुन्हा चालू व्हायला रडायची, आणि बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा यायचा.

मिस्त्रींकडे येण्याआधी एका गॅरेजात तीनदा 'ट्यूनिंग' झालं होतं. ट्यूनिंग म्हणजे कार्बोरेटरच्या बुडाशी असलेला मिक्श्चरचा स्क्रू आत-बाहेर फिरवणं. हा स्क्रू फक्त स्लोवर काम करतो. गाडी पन्नासच्या वेगानं चालली की पेट्रोल मेन जेटमधून येतं, तिथं या स्क्रूला कोणी विचारत नाही. तरी सगळे तोच फिरवतात, कारण तो बाहेर आहे आणि पेचकस सहज पोचतो.

मीही माझं निदान करून गेलो होतो: नवं इथेनॉलचं पेट्रोल. मिस्त्री हसले. एक ग्रॅम पेट्रोल जाळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला 9. म्हणजे जेट तोच ठेवून इथेनॉल मिसळलं तर मिश्रण उलट पातळ होतं, धूर वाढायचं कारण नाही. जुन्या टाकीतला गाळ सुटून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल रोखणाऱ्या निडलखाली अडकला असेल तर मात्र इथेनॉलचा दोष मान्य, असं ते म्हणाले.

त्यांनी मिक्श्चरच्या स्क्रूला हात लावला नाही. आधी एअर फिल्टर काढून गाडी चालवली. धूर तसाच. मग चोक. आमच्या सोलेक्स कार्बोरेटरला मारुतीसारखी पाकळी नाही, घशात डोकावून चोक उघडा की बंद ते कळतच नाही. अंगाला एक चकती असते, ती फिरली की जास्तीच्या पेट्रोलची वेगळी वाट उघडते. डॅशबोर्डावरची नॉब पूर्ण आत होती, पण कार्बोरेटरवरची दांडी दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच थांबलेली. तार आतून गंजून आखडली होती. म्हणजे वर्षभर मी थोडा चोक ओढूनच फिरत होतो. तारेला तेल सोडलं, तिचा स्क्रू सैल करून ती नव्यानं बांधली. धूर निम्मा झाला. मी खूश. मिस्त्री नव्हते.

त्यांनी इंजिन बंद करायला लावलं आणि घशात बॅटरी मारली. "बघा." पितळी नळीच्या तोंडाशी थेंब जमत होता. फुगला, सुटला, खालच्या थ्रॉटलच्या पाकळीवर पडला. परत दुसरा. इंजिन बंद, ओढणारं कुणी नाही, तरी पेट्रोल आपणहून येतंय. कार्बोरेटरच्या वाटीतली पातळी नळीच्या तोंडाच्या जराशी खाली हवी, ती वर चढली होती. तापल्यावर गाडी का रडायची, ते त्या थेंबात दिसलं. त्यांनी डिपस्टिकही काढून माझ्या नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास.

कव्हर उघडलं. निडलचं टोक बोटानं चाचपलं, पायरी पडली नव्हती. मग पितळी फ्लोट कानाशी नेऊन हलवला आणि माझ्या हातात दिला. सुपारीच्या डबीएवढा तो, आतून बारीक चुळूकचुळूक. तरंगायचं सोडून तो स्वतःच पेट्रोल प्यायला लागला होता. जड झाला, वर उचलेना, निडल बंद होईना.

भोक डोळ्यांना दिसेना. पोऱ्यानं टपरीवरून कडकडीत गरम पाणी आणलं. (फ्लोट घेऊन स्टोव्हजवळ जायचं नाही, पाणी इकडं आणायचं.) बुडवल्यावर सांध्याशी बुडबुड्यांची एक बारीक माळ सुटली. आतलं पेट्रोल वाफ होऊन पूर्ण निघून जाईपर्यंत त्यांनी तीनदा पाणी बदललं. कानाशी धरून आवाज थांबल्याची खात्री करून घेतली आणि मगच डाग दिला, तोही तिळाएवढा. जास्त शिसं घातलं की फ्लोट पुन्हा जड, पातळी पुन्हा वर. तरीही कानशीनं त्यातलं थोडं घासून काढलंच. निडलच्या बैठकीखालचा वॉशर दबून पातळ झाला होता, तो बदलला. तो जाड असला की निडल लवकर बंद होते, पातळी उतरते. पातळी इथंच ठरते.

ऑइल बदललं, प्लग पुसून बसवले आणि सगळ्यात शेवटी तो बदनाम स्क्रू, अर्धा आटा, कान लावून.

जोतिबाचा डोंगर चढून परत आलो. धूर नाही. गाडी निवल्यावर प्लग काढले: तीन कोऱ्या चहाच्या रंगाचे, तिसऱ्या नंबरचा अजून काळपट. मिस्त्रींनी तो अंगठ्यावर घासला, वायर ओढून बघितली आणि डिस्ट्रिब्यूटर कॅपची क्लिप उघडली.