कुलाब्याची पावसाची वही

पावसाळाभर लालबाग-परळच्या चाळींत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘आज किती पडला?’ याचं आकड्यातलं उत्तर मुंबईकडे फार जुन्या काळापासून आहे. ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये बांधली आणि १८४१ पासून तिथे हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. भारतीय हवामान खात्याची स्थापना त्यानंतरची, १८७५ची. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने आकडे बिघडणार म्हटल्यावर वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवली. पाऊस मात्र कुलाब्यातच मोजला जात राहिला.

मोजायची रीत साधी आहे. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकात साठलेलं पाणी खुणा केलेल्या काचेच्या नळीत ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. १ मिमी पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. चाळीची गच्ची २०० चौरस मीटरची असेल, तर १०० मिमी पावसात तिच्यावर २०,००० लिटर पाणी पडतं.

५ जुलै १९७४ला कुलाब्यात ५७५.६ मिमी नोंद झाली. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस कोसळला, तेव्हा कुलाब्यात जेमतेम ७४! माझ्या मते या वहीचं हेच सर्वांत शिकवणारं पान. एका शहरात, एकाच दिवशी, दोन वेगळे पाऊस.

पण ही झाली त्या दिवसाची हवा. हवामान ठरवायला साधारण ३० वर्षांच्या नोंदींची सरासरी लागते. अशाच दीर्घ नोंदींवरून मुंबईतल्या मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख २०२० मध्ये १० जूनवरून ११ जूनवर आणली गेली. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला आणि कुलाब्यात मे महिन्याच्या पावसाचा १९१८चा विक्रम मोडला. एवढ्यावरून हवामान बदललं असं ठरत नाही. पण १९१८चा आकडा कोणी जपला नसता, तर तुलनाही करता आली नसती.

पण नुसता पावसाचा आकडा सगळं सांगत नाही. दादरच्या हिंदमाता भागात पाणी तुंबतं ते नुसत्या पावसाने नाही. तो भाग बशीसारखा सखल, आणि भरतीच्या वेळी समुद्रात पाणी सहज जात नाही. म्हणून गिरगाव, दादर, परळच्या प्रत्येक शाळेने गच्चीवर पर्जन्यमापक ठेवावा, आणि मुलांनी पावसाच्या आकड्याशेजारी भरतीची वेळही लिहावी.