विमानाचें रद्द तिकीट आणि कंपनीकडील जमा



वाण्याकडे आपली उधारी असते तेव्हां देणें आपल्याकडे असतें आणि वही त्याच्याकडे. विमान कंपनीशीं होणारा व्यवहार याच्या उलट आहे. प्रवासाच्या दोनदोन महिने आधीं पुरे पैसे मोजून आपण मोकळे होतों. म्हणजे देणेंकरी कंपनी, आणि गंमत अशी कीं वहीही तिच्याच हातीं! लग्नाची तिथि पुढें गेली, घरांत कोणी आजारी पडलें, परीक्षेचें वेळापत्रक बदललें, कीं ही वही उघडण्याचा प्रसंग येतो. आज तिचीं दोनचार पानें आपल्याबरोबर वाचावीं, असा माझा विचार आहे.

प्रथम तिकिटाची किंमत म्हणजे काय, हें पाहूं. आपल्याला ती एकच रक्कम दिसते. वस्तुतः ती तीनचार रकमांची बेरीज असते. मूळ भाडें, त्यावर इंधनाचा अधिभार, मग सरकारचे कर व विमानतळाचें शुल्क, आणि संकेतस्थळावरून तिकीट काढलें तर सोयीच्या नांवाखालीं आणखी एक शुल्क. समजा, पुण्याहून नागपूरचें तिकीट ५,००० रुपयांना पडलें. त्यांत मूळ भाडें ३,०००, अधिभार ८००, कर व विमानतळ शुल्क ९०० आणि सोयीचे ३०० रुपये आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा आहे कीं, तिकीट रद्द करण्याचें शुल्क मूळ भाडें आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक घेतां येत नाहीं. तेव्हां कंपनीच्या पत्रकांत हें शुल्क ४,००० रुपये लिहिलेलें असलें, तरी या उदाहरणांत तिला ३,८०० रुपयांपुढें जातां येणार नाहीं. कर व विमानतळ शुल्काचे ९०० रुपये परत आलेच पाहिजेत. ‘हें तिकीट परत होणारें नाहीं’ असा शेरा त्यावर असला तरीही ते येतात. इतकेंच नव्हे, तर प्रवासी विमानतळावर गेलाच नाहीं, तरी त्या पैशांवर हक्क त्याचाच. पुष्कळ सुशिक्षित माणसें ‘आतां काय मिळणार?’ असें म्हणून ही रक्कम सोडून देतात. पांच माणसांच्या कुटुंबाला तिचे साडेचार हजार होतात.

दुसरी गोष्ट, तिकीट रद्द करतो कोण? आपण बेत बदलला तर शुल्क आपल्यावर. कंपनीनेंच उड्डाण रद्द केलें तर मात्र प्रवाशानें दुसरें उड्डाण तरी मागावें, नाहीं तर पूर्ण पैसे तरी. येथें घाई नडते. उड्डाण रद्द होणार अशी कुणकुण लागतांच कांहीं लोक आपण होऊन रद्द करण्याची कळ दाबतात, आणि कंपनीच्या दप्तरीं तो प्रवाशाचा स्वेच्छेचा निर्णय ठरतो. अशा वेळीं कंपनीचा लेखी निरोप हातीं येईपर्यंत, निदान उड्डाणाची वेळ जवळ येईपर्यंत, थांबण्यांत शहाणपण आहे. दलालामार्फत तिकीट काढलें असेल तर ‘आमच्याकडे नाहीं, त्यांच्याकडे जा’ असें उत्तर दोन्हीकडून मिळतें. परंतु दलाल हा कंपनीचाच नेमलेला प्रतिनिधि असल्यामुळें परताव्याची जबाबदारी नियमानें कंपनीवरच येते.

आतां जमेकडे वळूं. रोख पैसे न देतां कंपनी ती रक्कम आपल्या नांवें पुढील प्रवासासाठीं जमा ठेवते. तिला व्यवहारांत ‘क्रेडिट शेल’ म्हणतात. ती पत्करावी कीं रोख पैसे मागावे, ही निवड नियमानें प्रवाशाची आहे, कंपनीची नव्हे. पडद्यावर मात्र जमेचें बटण ठळक आणि रोखीचें एका कोपऱ्यांत असतें, तेव्हां डोळे उघडे ठेवावे.

या जमेला मुदत असते, आणि मुदतीचे अर्थ दोन. त्या तारखेपर्यंत नवें तिकीट काढावयाचें, कीं त्या तारखेपर्यंत प्रवासच पुरा करावयाचा? माझ्या घरचाच अनुभव सांगतों. भाच्याचें लग्न पुढें ढकललें म्हणून आमचीं चार तिकिटें रद्द झालीं व रक्कम जमा झाली. मुदत संपण्याच्या आठ दिवस आधीं, पुढील महिन्याच्या प्रवासासाठीं ती वापरावी म्हणून मी बसलों, तों कळलें कीं प्रवासच त्या तारखेच्या आंत व्हावयास हवा होता! अट पत्रांत लिहिलेली होती. मी ती वाचली नव्हती. कंपनीस दोष द्यावा तरी कसा? शिवाय जमा बहुधा ज्याच्या नांवें तिकीट होतें त्याच्याच प्रवासाला लागते, नवें भाडें अधिक असलें तर वरचा फरक भरावा लागतो, आणि कमी असलें तर उरलेली बाकी राहते कीं बुडते, हें कंपनीगणिक वेगळें असतें.

या साऱ्याची मोठी परीक्षा २०२० सालीं झाली. त्या वर्षीं २५ मार्चपासून देशांतील प्रवासी उड्डाणें थांबलीं, तीं २५ मे रोजीं पुन्हां सुरू झालीं. कंपन्यांनीं पैसे परत देण्याऐवजीं सरसकट जमा देऊं केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि १ ऑक्टोबर २०२० रोजीं निकाल लागला. टाळेबंदीच्या काळांत, त्याच काळांतील प्रवासासाठीं काढलेल्या तिकिटांचे पैसे ताबडतोब परत करावे, असें न्यायालयानें ठरविलें. त्याआधीं काढलेल्या तिकिटांचे पैसे, आर्थिक अडचणीमुळें ज्या कंपनीला देणें शक्य नसेल तिनें ३१ मार्च २०२१ पर्यंतची जमा द्यावी. ती दुसऱ्याच्या नांवें करतां यावी. आणि तिच्यावर ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का व पुढें पाऊण टक्का वाढ मिळावी. म्हणजे एप्रिलअखेर रद्द झालेल्या १०,००० रुपयांच्या तिकिटावर जूनअखेर १०० रुपये, आणि पुढील नऊ महिन्यांत ६७५ रुपये. मुदतीअखेर जमा वापरली गेली नाहीं तर पैसे परत. प्रवाशाचे पैसे कंपनीजवळ बिनव्याजी पडून राहूं नयेत, हें तत्त्व मला या निकालांतील सर्वांत मोलाचें वाटतें.

परंतु ज्या कंपनीजवळ जमा आहे ती कंपनीच बसली तर? जेट एअरवेजचीं उड्डाणें १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलीं, गो फर्स्टचीं ३ मे २०२३ रोजीं. पहिलीची मालमत्ता विकून देणीं भागविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिला, दुसरीविषयीं तसाच आदेश कंपनी विधि न्यायाधिकरणानें जानेवारी २०२५ मध्यें दिला. अशा वेळीं जमा बाळगणारा प्रवासी हा अनेक धनकोंपैकीं एक होतो, आणि बँका त्याच्या पुढें उभ्या असतात. म्हणून रोख आणि जमा यांत निवड असेल, तर मी रोखच घेतों; जमेवर कांहीं जास्त रक्कम देऊं केलेली असली आणि प्रवास महिन्यादोन महिन्यांत ठरलेलाच असला, तरच तिचा विचार करतों.

तिकीट काढल्यानंतर कांहीं तासांच्या आंत, प्रवास अगदी जवळ आलेला नसेल तर, तें शुल्काशिवाय रद्द करण्याची किंवा बदलण्याची सवलतही नियमांत आहे. तिचे तास वेळोवेळीं बदलत आले आहेत, म्हणून ते तिकीट काढतांनाच पाहून ठेवावे, आणि नांवाचें स्पेलिंग त्याच बैठकीत तपासावें.

आमच्या घरीं आतां अशा जमेची शेवटची तारीख स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारीं, तांबड्या शाईनें लिहिलेली असते. आणि तिच्याखालीं ‘प्रवासाची’ कीं ‘तिकिटाची’, हाही शब्द.