साध्या विमानाची गोडी

खंडाळ्याच्या घाटावरून शेंकडों प्रवासी नेणारीं मोठीं विमानें नित्य जातात; परंतु मान वर करून त्यांकडे पाहणारा विरळाच. एखादें लहान, दोन माणसांचें विमान मात्र घरघरत आलें, कीं आबालवृद्ध अंगणांत येतात. यंत्रविद्या इतकी पुढें गेली असतां जुन्या, साध्या विमानाचीच गोडी लोकांस कां वाटावी, ह्याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

ह्या विमानांचा आपल्या मुलुखाशीं जुना संबंध आहे. ता. १५ आक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांनीं 'पस मॉथ' जातीच्या एक-इंजिनी विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणिलें. सोबतीस कोणी नाहीं, बिनतारी यंत्र नाहीं, आणि उतरावयाचें तें जुहूच्या मैदानांत. पावसाळ्यांत तें मैदान पाण्याखालीं जाई. मग दोन विमानें, तीन वैमानिक व तीन यंत्रकार असा सारा संसार पुण्यास हलवावा लागे. आपल्या विमानटपालाचें पावसाळी बिऱ्हाड असें घाटाच्या ह्या बाजूस होतें.

मॉथ म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. विमानें बांधणारे जेफ्री द हॅविलंड ह्यांस अशा कीटकांचा नाद होता, म्हणून हें नांव. त्याच कुळांतील 'टायगर मॉथ' १९३१ सालीं प्रथम उडालें, आणि दुसऱ्या महायुद्धांत आपल्या हवाई दलाच्या अनेक तरुणांनीं त्यावरच पहिले धडे घेतले. त्याच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लांकडी, वर ताणलेलें कापड. इंजिन १३० अश्वशक्तीचें. पुढचा पंखा हातानें फिरवून तें चालू करावयाचें.

पंख पुढें जातांना हवेस खालीं ढकलतो व हवा त्यास वर उचलते. भार जितका हलका व पंख जितका विस्तीर्ण, तितक्या कमी वेगानें हा तोल साधतो. म्हणून असें विमान गवताळ माळावरही उतरूं शकतें, आणि वैमानिकास खालचें शेत, ओढा, रूळ ओळखतां येतात.

त्याच्या गोडीचा उगम येथेंच आहे. उघड्या बैठकींत वारा गालास लागतो; तारांचा सूर उतरला, कीं वेग मंदावला हें कानास कळतें. हातांतील दांडा व पंखाची झडप ह्यांमध्यें केवळ तारा व सांखळ्या असतात, संगणक नसतो. केलेल्या कर्माचें फळ तत्काळ कळतें, आणि चुकीचा दोष दुसऱ्याच्या माथीं मारतां येत नाहीं. केवळ आरामापेक्षां अशी जबाबदारी मनुष्यास अधिक आनंद देते, असें आम्हांस वाटतें.

हा आनंद पिढीबरोबर संपत नाहीं. टाटांनीं १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, 'लेपर्ड मॉथ' विमानांतून तोच कराची-मुंबई प्रवास पुनः केला. २०१२ सालीं हवाई दलानें एक जुनें 'टायगर मॉथ' दुरुस्त करवून पुनः उडविलें; आणि २०२१ सालीं आरोही पंडित ह्या तरुणीनें लहानशा विमानांतून भूज, अहमदाबाद, जुहू असा प्रवास करून त्या पहिल्या टपालास मान दिला.

आपल्या मावळांत कामशेतच्या डोंगरांवरून तर लोक इंजिनावांचून उडतात. पश्चिमेचा वारा डोंगरावर आदळून वर चढतो. घार त्यावर पंख न हलवितां तरंगते, तसाच कापडी पंखाखालीं बसलेला मनुष्यही.

हें वाचून पालकांच्या मनांत भीति उभी राहील, आणि ती रास्तच आहे. विमानविद्येच्या शिकाऊ परवान्यास १६ वर्षें पुरीं व्हावीं लागतात, व खाजगी वैमानिकाच्या परवान्यास १७. तोंवरचा काळ वायां नाहीं. राइट बंधु हे एका बिशपचे पुत्र. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें पहिलें उड्डाण अवघे १२ सेकंद टिकलें. पण त्यापूर्वीं त्यांनीं तीन वर्षें इंजिनाशिवाय तरंगून वाऱ्याचा अभ्यास केला होता. म्हणून, मुलांनो, आज गणित, पदार्थविज्ञान व हवामान मन लावून शिका. आणि पालकहो, ज्यास वारा पाहून "आज उडावयाचें नाहीं" असें म्हणण्याचें धैर्य आलें, त्यास पुढें खुशाल उडूं द्यावें.