टरबूज व मुलांची दुपार

वैशाखाचें ऊन तापूं लागलें, शाळांना सुट्टी पडली, आणि चुलत-आते-मामे भावंडांचा मेळा एका घरांत जमला, म्हणजे वडीलधाऱ्यांपुढें एकच प्रश्न उभा राहतो : जेवणें आटोपल्यापासून उन्हें उतरेपर्यंत या मुलांचें करावें तरी काय? बाहेर सोडावें तर ऊन बाधतें. घरांत कोंडावें तर आजोबांची वामकुक्षी मोडते. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील आमच्या बदनापुरास या प्रश्नाचें उत्तर बाजारांत ढिगानें मिळतें. तें उत्तर म्हणजे टरबूज. कोंकणांत व पुण्याकडे यालाच कलिंगड म्हणतात.

या फळांत शेंकडा नव्वदांहून अधिक भाग पाणी असतें. आफ्रिकेंतील कलहारी वाळवंटांत याच्याच गोत्रांतील रानफळ माणसांस व जनावरांस पाण्याऐवजीं उपयोगी पडतें. आमचा मुलूख वाळवंट नव्हे; तथापि पाण्याचा श्रीमंतही नव्हे. सन २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या किती तरी बागा उभ्या वाळल्या. ज्यांनीं तें पाहिलें त्यांना ठिबकाच्या नळीनें वाढविलेल्या या फळाचें मोल निराळें सांगावयास नको. म्हणून आमच्या घरीं एक नियम आहे : टरबुजाचा कोणताही भाग उकिरड्यावर जावयाचा नाहीं. हा नियम मुलांना नुसता सांगितला तर उपदेश होतो. खेळांतून पाळावयास लावला तर गंमत होते.

फळाची निवड मुलांवरच सोंपवावी. जमिनीस टेकलेला डाग पांढरट असेल तर फळ कच्चें. लोण्यासारखा पिवळसर असेल तर पिकलेलें. आकाराच्या मानानें तें जड असावें. कापण्यापूर्वीं साल धुवावी, कारण सालीवरील माती व जंतू सुरीबरोबर आंत जातात. कापलेलें फळ उघडें ठेवूं नये. उरल्यास झांकून शीतकपाटांत ठेवावें.

सुरी मोठ्यांनीं धरावी, चमचे मुलांच्या हातीं द्यावे. बिया काढून गर रवीनें घुसळावा व त्यांत लिंबाचा रस, सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. साखरेची गरज नाहीं. हेंच सरबत कुल्फीच्या साच्यांत गोठविलें, तर मुलांना दुकानाची आठवणही होत नाहीं.

हिरवी साल तासल्यावर जो पांढरा भाग उरतो, त्याचा कीस दह्यांत कालवून, दाण्याचें कूट व फोडणी घालून कोशिंबीर करावी. मुलांस अधिक आवडते ती टुटीफ्रुटी. बाजारांत ती बहुधा कच्च्या पपईची असते. घरीं टरबुजाची होते. पांढऱ्या भागाचे हरभऱ्याएवढे तुकडे उकळत्या पाण्यांत पारदर्शक दिसूं लागेपर्यंत शिजवून निथळावे. दोन वाट्या तुकड्यांस एक वाटी साखर व अर्धी वाटी पाणी घेऊन, पाक एकतारी होईपर्यंत आटवावा. मग तीन भाग करून एकांत केशर, दुसऱ्यांत बिटाचा रस घालावा व तिसरा तसाच ठेवावा. रात्रभर मुरल्यावर चाळणींत निथळून, फडक्यावर पसरून सुकवावे.

आतां खेळ. फळाच्या वरच्या अर्ध्या भागाचे दोन कोपरे कापून मधली पट्टी राखली, कीं दांडीची परडी होते. पोखरलेल्या सालींत चंद्र-तारे कोरून आंत पणती ठेवावी. ती मात्र मोठ्यांनीं लावावी. फळाच्या दोन्ही टोकांच्या वाट्या म्हणजे होड्या. पिंपळपानाचें शीड लावून त्या घंगाळांत सोडाव्या आणि शर्यत संपली कीं तें पाणी तुळशीस घालावें. बिया धुऊन वाळविल्या, तर पुठ्ठ्यावर मोर चिकटवितां येतो आणि ‘एकी कीं बेकी’ रंगते. चार बिया कुंडींत पेराव्या. संकरित फळाचें बीं मूळ फळासारखें निपजेलच असें नाहीं. तेव्हां ‘शेतकरी दरसाल नवें बीं कां घेतो?’ हा प्रश्न मुलें आपण होऊनच विचारतात. ज्या जालन्यांत बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली व ज्यांना १९९८ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्या जालन्याची ओळख अशी कुंडींतून होते. उरलेली हिरवी साल गाईपुढें ठेवावी.

गेल्या वर्षीं पुण्याहून आलेल्या आमच्या नातीनें पहिल्याच दिवशीं अर्धी खाल्लेली फोड केरांत टाकली. कोणी रागावलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिला टरबुजाच्या वाडींत नेलें व ठिबकाच्या नळीखालीं वाटी धरावयास सांगितली. वाटी भरावयास चार-पांच मिनिटें लागलीं; उन्हांत तिला तीं फार वाटलीं. ‘‘आजी, एका टरबुजाला अशा किती वाट्या?’’ तिनें विचारलें. लावणीपासून तोडणीपर्यंत अडीच-तीन महिने हें पाणी चालतें, एवढेंच मीं सांगितलें. ती वाटी तिनें सांडूं न देतां जवळच्या वेलाच्या मुळाशीं ओतली.

त्या संध्याकाळीं तिच्या फोडीवर लाल गराचा ठिपकाही उरला नव्हता.